आधी ओळख काढली, मग बोलले

चाळिशी आली तरी माझी एक समजूत पक्की होती. मला फसवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय. तो जन्मून, वाढून, कॉम्प्युटर शिकून कुठल्याशा गावी खुर्चीत बसलाय आणि त्याला फक्त माझी गाठ पडायची बाकी आहे, हे मला कोण सांगणार?

आता नातवंडं मला शिकवतात. "आजी, फोनवर कुणाला काही सांगायचं नाही हं." मी शहाण्यासारखी मान हलवते. त्यांना वाटतं म्हातारी या बाबतीत नवी आहे. अरे बाळांनो, या बाबतीत मी जे दिवे लावले, ते तुमच्या जन्माच्या कितीतरी आधी!

माझं माहेर मिरजगाव. हायवेवरचं गाव, सगळा येणाराजाणारा तिथं चहाला थांबणार. आणि थांबला की त्याची ओळख निघणार. आमच्याकडं कुणी नुसता नमस्कार करून पुढं जात नाही. आधी गाव, मग आडनाव, मग मामा कुठले, मग बहीण कुठं दिली. एवढं झालं की समोरचा आपला कोण लागतो ते बाहेर येतंच. लागत नसेल तर जरा ताणायचं, मग लागतो. या कामात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एकदा कर्जतच्या एसटीत सुटे पैसे परत येईपर्यंत मी कंडक्टरला माझ्या मावससासूच्या दिराचा जावई ठरवून टाकला होता. बिचाऱ्यानं उतरताना माझी बाजरीची पिशवी खाली दिली. त्याचं लग्नच झालेलं नव्हतं, हे पुढं केव्हातरी कळलं. पण पिशवी तर मिळाली!

तर नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही अहमदनगरला सावेडीत राहायचो. हे साखर कारखान्यावर नोकरीला. सोमवारी सकाळी जायचे, शनिवारी संध्याकाळी यायचे. मधल्या दिवसांत घरात मी आणि माझी लेक. लेक पंधरा वर्षांची, नववीत. तिची जिवाभावाची मैत्रीण आमच्याच गल्लीत राहायची. त्या वर्षी तिच्या वडिलांची नागपूरला बदली झाली आणि आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. लेक जेवेना, बोलेना. मग सावेडीत नेट कॅफे निघाला, तसाच नागपुरातही मैत्रिणीच्या घराजवळ एक निघाला. दोघींनी ठरवलं, रविवारी अकरा वाजता इकडं ही बसणार, तिकडं ती. तासभर टाइप करत गप्पा. त्या एका तासावर माझी पोरगी पुन्हा जेवायला लागली.

पण यांनी पेपरात काहीतरी वाचलं होतं. इंटरनेटवर कोण कुणाशी बोलतंय याचा पत्ता लागत नाही, मुलामुलींनी जपून राहावं, असं. यांनी जेवताना नियम सांगितले.

"आई शेजारी बसणार. अनोळखी माणसाशी एक अक्षर बोलायचं नाही. आणि एकदा जरी काही वेडंवाकडं झालं, तर तो तास बंद. कायमचा. मग माझ्याकडं रडत यायचं नाही."

लेक म्हणाली, "कबूल."

मी म्हणाले, "अहो, मी असताना वेडंवाकडं कसं होईल?"

हे माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, कौतुकानं बघतायत.

नेट कॅफे एका दुकानांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होता, खाली औषधांचं दुकान आणि एसटीडी बूथ. चपला बाहेर काढून आत जायचं. आत प्लायवूडचे छोटे छोटे कप्पे, प्रत्येकात एक कॉम्प्युटर. खंडेनवमीला लावलेलं हळदीकुंकू डिसेंबरपर्यंत त्यांच्या कपाळांवर होतं. नेट जोडताना ते यंत्र असं काही ओरडायचं, की पहिल्या रविवारी मी उठून उभीच राहिले. मालक म्हणाले, "काकू, बसा. लागतंय ते." कुणाला लागतंय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

तासभर नुसतं बसून करायचं काय? दुसऱ्या रविवारपासून मी मटार न्यायला लागले. मांडीवर ताट, पायाशी टरफलांची पिशवी, डोळे लेकीच्या पडद्यावर. पहारा आणि सोलणं दोन्ही. एखादा दाणा उडायचा आणि कप्प्याखालून गडगडत पलीकडं जायचा. पलीकडून कुणीतरी म्हणायचं, "कुणाचा वाटाणा आहे?" लेक खुर्चीत एवढीशी व्हायची. मी मोठ्यांदा सांगायची, "आमचाच. राहू द्या, खा."

शेवटी मालक आले आणि हळूच म्हणाले, "काकू, कीबोर्डात दाणा अडकला तर अक्षर दाबलं जात नाही हो."

"मग आधी का नाही बोललात? चार तर मागच्या रविवारी अडकलेत."

माझ्या पहाऱ्याची पद्धत अशी होती. लेकीच्या गप्पांत मधेच एखादी वेगळीच चौकट उघडायची. कुणीतरी परकं 'हॅलो' म्हणायचं. लेक बघायचीही नाही, टिचकी मारून ती चौकट बंद करायची. मला ते रुचायचं नाही.

"अगं, कोण होतं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणून तोंडावर दार लावायचं? कुणी दारात आलं तर आपण असं करतो?"

"आई, अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, असं ठरलंय ना?"

"बरोबर आहे. म्हणून आधी ओळख काढायची, मग बोलायचं!"

लेकीनं कपाळाला हात लावला. मला वाटलं, पोरीला घाम आला. मी पदरानं वारा घातला.

आणि मग तो रविवार आला. अकरा वाजून गेले तरी नागपूरची मैत्रीण येईना. लेक कासावीस. म्हणाली, "मी खाली बूथवरून तिच्या घरी फोन करून येते. आई, तू फक्त जागा धर. कशाला हात लावू नकोस."

"मी कशाला लावतेय?" असं म्हणत मी ताट खाली ठेवलं आणि तिच्या खुर्चीत बसले. खुर्ची मस्त होती. गोल फिरायची. मी एक फेरी मारली, आणि समोर आले तेव्हा चौकट उघडलेली. कुणीतरी हॅलो म्हणत होतं.

मी इकडंतिकडं पाहिलं. माझ्या मनात एकच विचार आला, लेक परत येईपर्यंत मी याची अशी चौकशी करते, की पोरगी बघतच राहील.

तेव्हा मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप करावी लागायची. मी शाळेत इंग्रजी शिकलेली, अक्षरं येत होती, फक्त ती कीबोर्डावर कुठं पेरलीत ते शोधावं लागायचं. एका बोटानं मी विचारलं, "आपलं गाव कोणतं?"

तिकडून आलं, "तुमचं?"

माणूस मला विनयशील वाटला. मी लिहिलं, "माहेर मिरजगाव, सासर सावेडी."

"मी पण मिरजगावकडचाच."

बघा! मी म्हटलं नव्हतं? जग एवढंसं असतं, विचारणारा पाहिजे. मी लिहिलं, "गावातले की मळ्यातले?"

"हो."

"मळ्यातले म्हणजे कर्जत रस्त्याच्या बाजूचे का?"

"हो, तेच."

"मग विहिरीजवळच्या चिंचेखालचं घर तुमचं?"

"हो."

"म्हणजे तुमची आत्या आमच्या चुलत जावेची वहिनी! पुण्याला दिलेली!"

"हो हो. बरोबर ओळखलंत मावशी."

मावशी! त्या एका शब्दावर मी विरघळले. आता तो परका राहिलाच नव्हता. रीतसर भाचा होता. त्यानं विचारलं, घरी कोण कोण असतं. आता भाच्यानं विचारल्यावर काय लपवायचं? मी सांगितलं. हे कारखान्यावर असतात, शनिवारी येतात. घरी आम्ही दोघीच. लेक नववीत, शाळा सुटली की पाच वाजता गणिताच्या क्लासला जाते, सायकलवर, पिठाच्या गिरणीवरून. घराचा फोन नंबर दिला. मग पत्ता. गिरणीच्या समोरच्या गल्लीत निळं फाटक, दारात तुळस, कठड्यावर लोणच्याच्या तीन बरण्या वाळत घातलेल्या असतात, चुकायचंच नाही. त्यानं ताईचा फोटो आहे का विचारलं. मी लिहिलं, "गॅदरिंगमधला आहे, घरी आलात की दाखवते. या की एकदा. जेवायलाच या."

हे शेवटचं तर मी सगळ्यांनाच म्हणते.

एवढ्यात लेक आली. मैत्रीण निघाली होती म्हणे, घरी पाहुणे आल्यानं उशीर झाला होता. तिनं पडद्याकडं पाहिलं. मग खाली वाकून वरपासून सगळं वाचलं. माझी लेक गोरी आहे. ती आणखी गोरी झाली.

"आई, तू पत्ता दिलास?"

"नात्यातले आहेत गं. मी पूर्ण ओळख काढलीय."

"नाव काय यांचं?"

आत्या, चुलत जाऊ, विहीर, चिंच, सगळं झालं होतं. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

"आई, यात एकही गोष्ट त्यानं स्वतःहून सांगितलेली नाही. प्रश्न पण तुझेच आणि उत्तरं पण तुझीच. तो फक्त हो म्हणतोय."

"मग खरं असेल तर माणूस हो म्हणणारच ना?"

लेकीनं मला उठवलं आणि स्वतः बसली. तिची बोटं कीबोर्डावर अशी पळायची, की मला भाकरी थापणाऱ्या आमच्या आईची आठवण यायची. तिनं माझ्या वतीनं लिहिलं, "तुमच्या धाकट्या काकू जिन्यावरून पडल्या होत्या, आता बऱ्या आहेत का?"

"हो मावशी, आता बऱ्या आहेत."

मी छातीवर हात ठेवला. "अगंबाई! कधी पडल्या? मला कुणी कळवलं नाही!"

"आई, कुणी पडलेलं नाही. मी आत्ता पाडलं."

मग तिनं लिहिलं, "आणि तुमच्या मळ्यातल्या हत्तिणीला पिल्लू झालं का?"

मग आलं, "हो. दोन झाली."

लेक माझ्याकडं वळली. "मिरजगावात हत्ती आहे का आई?"

मी खूप विचार केला. खरंच केला. म्हटलं, "सर्कस येते कधी कधी."

तेव्हा मात्र लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. तिनं सगळं बंद केलं. त्या दिवशी मैत्रिणीशी तिचं धड बोलणंही झालं नाही. मटार तसाच पिशवीत भरून आम्ही घरी आलो. वाटेत ती एकदाच बोलली.

"बाबांना कळलं की माझा तास जाणार. चूक तुझी आणि बंद होणार माझं."

हे अगदी खरं होतं. त्यावर मी जे केलं, ते मात्र माझ्याच डोक्यातून निघू शकतं.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. बाबांना सांगू, क्लासला काही दिवस मी मैत्रिणींबरोबर जाते, फोन आला तर तू नुसतं ऐक आणि ठेव. मी म्हटलं, बाबांना कशाला? बाबांना कळलं की तुझा तास गेला. मी हे प्रकरण आपल्या आपल्यात मिटवते. मी त्याला काय दिलंय? खाणाखुणा. मग खाणाखुणाच राहिल्या नाहीत, तर येणार कुठं?

सोमवारी यांची बस सुटल्याबरोबर मी कामाला लागले. माळ्यावर पिवळ्या रंगाचा डबा पडून होता, उरलेला. दुपारपर्यंत फाटक पिवळं केलं. रंग कमी पडला म्हणून खालचा वीतभर भाग निळाच राहिला, त्याला मी गोणपाट बांधलं. तुळस ओढत ओढत मागच्या दारी नेली. बरण्या उचलल्या. नावाची पाटी काढून कपाटात साड्यांखाली ठेवली. मग गल्लीतल्या तिघी बायकांना गाठलं. खरं कारण कसं सांगणार? म्हटलं, "मिरजगावचा कुणी पुरुष विचारत आला, तर सांगायचं की त्या घर सोडून गेल्या. फार गोड बोलतो. नातेवाईक आहे म्हणेल, विश्वास ठेवू नका."

कोपऱ्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "मग त्याची परीक्षाच घेऊ आम्ही." त्यांना असलं काम फार आवडायचं. बाकीच्या दोघी मदतीला तयारच होत्या.

लेक शाळेतून आली. पिवळं फाटक बघून पुढं निघून गेली आणि गल्लीच्या टोकावरून परत आली.

"आई, पोस्टमन कसा येणार?"

"पोस्टमनचं बघू नंतर."

पोस्टमन दोन दिवस आलाच नाही. दूधवाला दूध कोपऱ्यावर देऊन गेला. फोन मधेच वाजायचा, मी उशी दाबून ठेवायची. मंगळवारी एकदा लेकीनं उचलला, तर पलीकडून "मावशी आहेत का?" असा आवाज. तिनं एक शब्द न बोलता ठेवला. त्या रात्री ती माझ्याजवळ येऊन झोपली. दिवसभर हसवण्यासारखं खूप होतं, पण पोरीचा हात माझ्या पदरात घट्ट होता, तेव्हा मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी क्लासला तिच्याबरोबर जायला लागले. सायकलमागं पळत. गिरणीवाला म्हणाला, "काकू, व्यायाम चांगला सुरू केलात."

शनिवारी दुपारी मी न्हाणीघरात कपडे धूत होते. तेव्हा गल्लीत काय झालं ते मला नंतर, तेही तीन तोंडांनी कळलं.

माझा धाकटा भाऊ मिरजगावहून कांद्याच्या टेम्पोत बसून मार्केट यार्डात आला होता. तिथून रिक्षानं आमच्याकडं. बरोबर बाजरीचं अर्धं पोतं. त्याला निळं फाटक दिसेना. पोतं खांद्यावर घेऊन तो गल्लीत तीनदा वरखाली गेला. कोपऱ्यावरच्या वहिनींनी त्याला हेरलं.

"कुणाकडं आलात?"

"आमच्या आक्काकडं. मिरजगावहून आलोय."

वहिनींनी बाकीच्या दोघींना खूण केली. तिघी वहिनींच्या फाटकात उभ्या.

"त्या गेल्या घर सोडून."

"कुठं गेल्या? मागल्या म्हयन्यात तर हितंच हुत्या! आवं, मी तिचा सख्खा भाऊ हाय."

"सख्खा भाऊ? मग सांगा, बहिणीच्या लग्नात तिचा शालू कुठल्या रंगाचा होता?"

भाऊ गडबडला. "लाल... न्हाई, हिरवा आसंल. मी आठ वर्साचा हुतो वो!"

"बहिणीचा वाढदिवस कधी?"

"आमच्यात कुनाचाच म्हाईत न्हाई."

"बहिणीला भाजी कोणती आवडत नाही?"

"ती समदं खाती!"

तिसऱ्या उत्तराला खरं तर पूर्ण मार्क द्यायला हवे होते. पण बायकांनी त्याला नापास केलं. एकीनं तर पोतं उघडून आत हात घालून बघितलं, बाजरीच आहे ना. मग त्याला गल्लीबाहेर काढलं. माझा भाऊ चौकात पोत्यावर बसून राहिला. दाजी शनिवारी येतात हे त्याला ठाऊक होतं. संध्याकाळी हे रिक्षातून उतरले, तर समोर मेहुणा. डोळे लाल.

"दाजी, आक्का घर सोडून गेली. आन मला कुनी सांगितलं बी न्हाई."

यांच्या पायाखालची जमीन सरकली. दोघं पोतं मधे धरून गल्लीत पळत आले. आणि पळता पळता आमचं घर ओलांडून पुढं गेले. मी कठड्यावरून हाक मारली, "अहो, इकडं! हे आपलंच!"

हे फाटकासमोर उभे राहिले. पिवळा रंग बघितला. गोणपाट बघितलं. पाटी नसलेली भिंत बघितली. तुळस नसलेला कट्टा बघितला.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"बदल म्हणून," मी म्हणाले.

भाऊ ओट्यावर बसला, पाणीसुद्धा घेईना. "मला शालूचा रंग इचारला आक्का. सख्ख्या भावाला. पोत्यात हात घातला."

मी काहीतरी रचायला घेतलं. रंग स्वस्त मिळाला, तुळशीला ऊन लागत होतं, बायकांची गंमत झाली. लेक दारात उभी होती. तिनं मला अर्ध्यावर थांबवलं.

"बाबा, मी सांगते."

आणि तिनं सगळं सांगितलं. चौकट, मावशी, पत्ता, क्लासची वेळ, हत्तीण. काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही. तिचा तास जाणार हे तिला पक्कं माहीत होतं, तरी सांगितलं. हे ऐकत होते आणि त्यांचा चेहरा दगडासारखा होत चालला होता. हत्तिणीला दोन पिल्लं झाली इथं आल्यावर भाऊ म्हणाला, "आमच्या गावात?"

आणि तेवढ्यात फोन वाजला.

मी उशीकडं धावले. यांनी मला हातानंच अडवलं आणि फोन उचलणार, तर भाऊ मधे पडला. दिवसभराचा अपमान पोटात घेऊन बसला होता तो. त्यानं फोन उचलला. आम्ही सगळे कान लावून.

"मावशी आहेत का? मी मिरजगावचा, त्यांचा भाचा."

"मिरजगावचा?" भाऊ म्हणाला. "मी बी तिथलाच. सांग, बाचं नाव काय?"

पलीकडून नुसतं "अं... अं..." आलं.

"बरं, ऱ्हाऊ दे. आईचं म्हायेर कुठलं?"

"...तुम्ही कोण?"

"हितं मी इचारनार, तू सांगनार. तुज्या आईच्या लग्नात शालूचा रंग कुठला हुता?"

शांत.

"म्हाईत न्हाई? मला बी नव्हता. मला गल्लीभाईर काढलं. आता मी टेम्पो घिऊन गावाकडं निघालोय, तुजं घर कुठलं ते सांग, तुज्या बालाच इचारतो. आन आमचे दाजी उद्या सकाळी पोलीस चौकीत ह्यो समदा परकार लिहून देनारेत. लई लांब न्हाई तू."

खट्. फोन बंद झाला. तो आवाज आमच्या घरात पुन्हा कधी आला नाही. हे मात्र दुसऱ्या दिवशी खरंच चौकीत जाऊन सांगून आले, आणि फोनचा नंबर बदलायचा अर्जही केला.

भावानं रिसीव्हर ठेवला आणि मगच पाणी प्याला. दोन तांबे.

मग राहिला तो तास. लेक भिंतीला टेकून उभी होती. हे म्हणाले, "नियम काय ठरला होता?"

"वेडंवाकडं झालं तर बंद," लेक म्हणाली. आवाज इवलासा.

"परक्या माणसाशी तू बोललीस?"

"नाही. फक्त पकडायला. दोन वाक्यं."

"पत्ता तू दिलास?"

"नाही."

"मग तुझी चूक काय?"

लेकीनं खूप विचार केला. अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "मी आईला एकटं सोडायला नको होतं."

भाऊ असा हसला, की बाजरीचं पोतं कलंडलं. यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण मिशी हलायला लागली. मी एकटीच गंभीर होते. मला वाटत होतं, आता माझ्या बाजूनं कुणीतरी बोलेल.

"तास चालू राहील," हे म्हणाले. "नियमात बदल. तू बसायचं. काही विचित्र वाटलं तर आजच्यासारखं सांगायचं, पण लगेच, तास जाईल म्हणून लपवायचं नाही. सांगितल्याबद्दल तास कधीच जाणार नाही. आणि आईनं..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. या वेळी ते कौतुक नव्हतं, हे मला नीट कळलं. "आईनं बाहेर बसायचं. चपलांपाशी."

"मी पहारा कसा देणार मग?"

"पहारा त्या जगाला पाहिजे. तुझ्यापासून."

पुढच्या रविवारी मी नेट कॅफेच्या दाराबाहेर, चपलांच्या रांगेशेजारी स्टुलावर बसले. मांडीवर ताट होतंच. मालकांनी मला तिथं बघितलं आणि देवाला हात जोडल्यासारखे जोडले. आतून लेकीच्या टाइप करण्याचा आवाज येत होता, मधेच तिचं हसणं. आठवडाभरानं हसत होती पोरगी. बारा वाजता बाहेर आली, तेव्हा चेहरा असा, जसा गॅदरिंगला बक्षीस मिळाल्यावर होता.

जिना उतरताना मला राहवेना. "काय म्हणाली गं मैत्रीण? एवढं काय हसत होतीस?"

लेकीनं माझ्या हातातली मटाराची पिशवी घेतली आणि म्हणाली, "आई, तुला सांगितलं तर ते मिरजगावपर्यंत जाईल."

मला रागवायचं होतं. पण खाली एसटीडी बूथपाशी एक बाई ओळखीच्या वाटल्या आणि मी त्यांना हाक मारण्याच्या बेतात होते. लेकीनं माझं मनगट धरलं आणि रस्ता ओलांडून मला पलीकडं नेलं.